घुबड दिवसा आंधळं नसतं

मागच्या अंकात, पहिली ते तिसरीच्या मुलांना घुबड आणि रात्रीचे प्राणी कसे शिकवावेत, यावर या सदरात लिहिलं होतं. त्यात एक सूचना होती: घुबडाचे मुखवटे रंगवायला घेण्याआधी मुलांना अंधाऱ्या खोलीत थोडा वेळ शांत बसवा आणि काय काय ऐकू आलं ते त्यांच्याच तोंडून ऐका. त्यावर शिक्षकांची, पालकांची आणि मुलांचीही पत्रं आली. एरवी मी मुलांच्या पत्रांना आधी उत्तर देते. या वेळी मात्र एका शिक्षिकेचं पत्र पहिलं घेते, कारण बाकीच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ त्यात आहे.

प्रश्न: बाई, आमच्या वर्गातल्या तक्त्यावर "घुबडाला दिवसा दिसत नाही" असं छापलेलं आहे. मुलं तेच पाठ म्हणतात. परवा एका मुलीने विचारलं, "मग दिवसा कोणी त्याच्या झाडावर चढलं तर ते न आपटता उडून कसं जातं?" मला उत्तर सुचलं नाही. पण दुसरीच्या मुलांना एवढं सोपं करून सांगितलं तर काय बिघडलं?
(दुसरीच्या वर्गशिक्षिका)

उत्तर: तक्त्यावरचं ते वाक्य उद्याच झाका आणि त्या मुलीला सगळ्या वर्गासमोर शाबासकी द्या. तक्ता लिहिणाऱ्यापेक्षा तिने नीट विचार केला आहे.

घुबडाला दिवसा चांगलं दिसतं. उजेड वाढला की त्याच्या डोळ्यातली बाहुली आपल्यासारखीच आकसते आणि अंधार पडला की भरपूर मोठी होते. उत्तर ध्रुवाच्या आसपास राहणारं पांढरं हिमघुबड आठवा. तिथे उन्हाळ्यात कित्येक आठवडे सूर्य मावळतच नाही. दिवसा दिसलं नसतं तर ते उपाशीच मेलं असतं. हे उदाहरण सात वर्षांच्या मुलाला लगेच पटतं, कारण पुढचा निष्कर्ष तो स्वतः काढतो. मग घुबड दिवसा डोळे किलकिले करून खोडाला चिकटून का बसतं? लपण्यासाठी. त्याची पिसं सालीच्या रंगात मिसळून जातात, पण मोठे चमकदार डोळे उघडे राहिले तर ते उघडं पडतं. आणि एकदा का लहान पक्ष्यांना ते दिसलं, की ते गोळा होऊन इतका कलकलाट करतात की त्याला तिथून उठावंच लागतं.

सोपं करण्याबद्दल म्हणाल, तर लहान मुलांना कमी सांगितलं तर चालतं, पुढच्या वर्गात त्यात भर घालता येते. चुकीचं सांगितलं की पुढे कोणालातरी ते आधी खोडावं लागतं, आणि सहसा ते कोणी खोडत नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी मोठ्या माणसांना अजून वाटतं की घुबड दिवसा आंधळं असतं. त्यांच्याही वर्गात असाच तक्ता असणार.

त्या वाक्याच्या जागी काय सांगायचं? मी वर्गात हे करत असे. मुलांना फळ्याकडे तोंड करून उभं करायचं. मान न हलवता, फक्त बुबुळं फिरवून दाराकडे बघायला सांगायचं. जमतं. मग दोन्ही हातांच्या मुठी पोकळ करून त्यांच्या नळ्या डोळ्यांना लावायच्या आणि पुन्हा दाराकडे बघायचं. आता मान वळवल्याशिवाय दार दिसत नाही. इथे थांबून सांगा: घुबडाचा डोळा आपल्यासारखा गोल नसतो, लांबट नळीसारखा असतो आणि त्याभोवती हाडाचं कडं असतं. लहानशा डोक्यात एवढा मोठा डोळा बसवल्यावर त्याला फिरायला जागाच उरत नाही. म्हणून घुबड डोळ्यांऐवजी मान फिरवतं. आपल्या मानेत ७ मणके असतात, घुबडाच्या मानेत १४. आपल्या मणक्यांवरून हात फिरवून बघायला मुलांना फार आवडतं, तेवढा वेळ द्या.

आणि मान "पूर्ण गोल" फिरते असं तक्त्यावर असेल तर तेही झाका. ती एका बाजूला जास्तीत जास्त २७० अंश, म्हणजे पाऊण वर्तुळ फिरते. तुमच्या स्वतःच्या माहितीसाठी: इतकी मान पिळल्यावर मेंदूचं रक्त कसं थांबत नाही, याचा शोध अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी घेतला आणि तो २०१३ मध्ये जाहीर झाला. घुबडाच्या मानेच्या मणक्यांतून रक्तवाहिनी जिथून जाते ती भोकं त्या वाहिनीच्या सुमारे दहा पट रुंद असतात, त्यामुळे मान वळली तरी वाहिनी दबत नाही. शिवाय डोक्याच्या तळाशी वाहिन्या फुगून थोडं रक्त साठवूनही ठेवतात. हे मुलांना आत्ताच सांगायची गरज नाही. पण वर्गात कोणीतरी विचारेलच, "बाई, त्याची मान दुखत नाही का?"

प्रश्न: प्रिय आजी, मिट्ट काळोखात घुबडाला दिसतं का? माझा मित्र म्हणतो दिसतं. मी म्हणतो नाही. आमची पैज लागली आहे.
(इयत्ता दुसरी)

उत्तर: बाळा, पैज बरोबरीत सोडवा, कारण तुम्ही दोघंही थोडे थोडे बरोबर आहात.

तुझ्यासारखाच प्रश्न २०० हून जास्त वर्षांपूर्वी इटलीतल्या एका शास्त्रज्ञाला पडला होता. त्यांचं नाव लाझारो स्पालान्झानी. त्यांच्याकडे एक पाळलेलं घुबड होतं. खोलीत एकच मेणबत्ती जळत असे आणि तेवढ्या उजेडात घुबड मजेत उडत असे. मेणबत्ती विझली की मात्र ते भिंतींवर आपटायला लागायचं. म्हणजे घुबडाच्या डोळ्यांना थोडा तरी उजेड लागतोच. बाहेर रात्री चांदणं असतं, तारे असतात, आणि आपल्याला जो मिट्ट काळोख वाटतो त्यात घुबडाला पुरेसा उजेड मिळतो. पण उजेड अजिबातच नसेल तर त्यालाही दिसत नाही. ही तुझी बाजू.

आता तुझ्या मित्राची. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत रॉजर पेन नावाच्या एका तरुणाने खोलीच्या फटी बुजवून तिथे खराखुरा काळोख केला, जमिनीवर वाळलेली पानं पसरली आणि आत गव्हाणी घुबड ठेवलं. मग उंदीर सोडला. पानं चुरचुरली आणि घुबडाने झेप घेऊन त्याला पकडलं! दिसत नव्हतं, मग कसं पकडलं? वासाने? म्हणून पेनने कागदाचा बोळा दोरी बांधून पानांतून ओढला. कागदाला कुठला आलाय उंदराचा वास, तरी घुबडाने त्यावर झडप घातली. म्हणजे त्याने ओळखला होता फक्त आवाज. (हाच रॉजर पेन पुढे समुद्रातल्या देवमाशांची गाणी जगाला ऐकवून प्रसिद्ध झाला.)

गव्हाणी घुबडाच्या कानांची एक गंमत आहे. त्याचा एक कान थोडा वर आणि दुसरा थोडा खाली असतो. त्यामुळे खालून आलेला आवाज एका कानात जरा मोठा ऐकू येतो, वरून आलेला दुसऱ्यात. डावीकडचा आवाज डाव्या कानात क्षणभर आधी पोचतो. एवढ्यावरून त्याला उंदराची नेमकी जागा कळते. आणि त्याचा तो बदामाच्या आकाराचा गोरा चेहरा आहे ना, त्याची पिसं आवाज गोळा करून कानांकडे वळवतात. तू कानांमागे दोन्ही तळवे धरून बघ, दूरचा आवाज लगेच मोठा होतो.

पैजेच्या जागी मित्राबरोबर हे कर. तो डोळे बांधून खोलीच्या मध्ये बसेल. तू पावलांचा आवाज न करता हळूच कुठेतरी जाऊन एक टिचकी वाजव. त्याने बोटाने तिकडे दाखवायचं. मग त्याला एक कान हाताने घट्ट बंद करायला सांग आणि पुन्हा वाजव. बोट कुठे जातं ते मला कळव. टिचकी त्याच्या बरोब्बर समोर, एकदा डोक्याच्या वर आणि एकदा गुडघ्याजवळ वाजवायलाही विसरू नकोस. तिथे आपण माणसं फार चुकतो, कारण आपले दोन्ही कान एकाच उंचीवर आहेत.

प्रश्न: माझी मुलगी सहा वर्षांची आहे. शाळेत घुबडाचा पाठ झाल्यापासून ती रात्री एकटी झोपत नाही. म्हणते, "ते माझ्याकडे टक लावून बघतं." आम्ही घुबडाचं पुस्तक कपाटात ठेवून दिलं. बरोबर केलं का?
(एक आई)

उत्तर: तिची भीती खरी आहे. पण पुस्तक बाहेर काढा, कारण ते लपवल्यावर तिला एवढंच कळलं की आई-बाबासुद्धा त्याला घाबरतात.

बहुतेक पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. घुबडाचे मात्र आपल्यासारखे समोर असतात आणि ते हलत नाहीत. म्हणून ते ज्या दिशेला तोंड करून बसेल त्या दिशेला टक लावून बघतंय असं वाटतं. हे तिला सांगा: "त्याला तिरकं बघताच येत नाही गं, बिचाऱ्याला सगळ्यांकडे असंच बघावं लागतं." मग तिला डोळे न हलवता घुबड व्हायला सांगा आणि तुम्ही खोलीत इकडून तिकडे फिरा, म्हणजे तिला मान वळवत राहावी लागेल. घाबरवणाऱ्या प्राण्याची भूमिका स्वतः केली की भीती बरीच उतरते, हे मी लहान वर्गांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आणि झोपताना तिला पिल्लांचं सांगा. गव्हाणी घुबडाची अंडी एकदम उबत नाहीत, काही दिवसांच्या अंतराने उबतात. त्यामुळे एकाच घरट्यात मोठं, मधलं, धाकटं अशी रांगच असते. लहानपणी त्यांचं डोकं इतकं जड असतं की ती पोटावर पालथी पडून, मान टेकवून झोपतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठाच्या संशोधकांनी या पिल्लांचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांना दिसलं की आई-बाबा शिकार घेऊन यायच्या आधीच पिल्लं आळीपाळीने ओरडून आपापसांत ठरवतात. ज्याला जास्त भूक लागलेली असते ते जास्त ओरडतं, आणि पोट भरलेली मागे सरतात. कधी कधी तर मोठं भावंड आपला घास धाकट्याला देतं. सहा वर्षांच्या मुलीला याहून ओळखीचं काय असणार? त्या घुबडाला घरी वाट बघणारी पिल्लं आहेत एवढं कळलं तरी ते चित्र बदलेल. पण घाई करू नका आणि "यात काय घाबरायचं" असं म्हणू नका.

प्रश्न: घुबडाने ओकून टाकलेल्या गोळ्या उघडून हाडं शोधण्याचा प्रयोग पहिलीत करावा का? काही पालकांना किळस वाटते. मुलं त्याला "घुबडाची शी" म्हणतात.
(एक मुख्याध्यापक)

उत्तर: जरूर करा, पण नीट तयारी करून. पहिलीपेक्षा दुसरी-तिसरीत जास्त चांगला होतो, कारण चिमटा धरायला बोटं तयार लागतात.

आधी "शी"चा गैरसमज दूर करा. घुबड उंदीर बहुतेक वेळा अख्खाच गिळतं. त्याला चावायला दात नाहीत. मांस पचतं, पण केस आणि हाडं पचत नाहीत. ती पोटात एकत्र दाबली जाऊन काही तासांनी त्यांची गोळी होते आणि ती तोंडावाटे बाहेर पडते. ससाणे, गरुडही गोळ्या टाकतात, पण त्यांच्या पोटातलं आम्ल जास्त तीव्र असल्याने त्यात हाडं फार उरत नाहीत. घुबडाच्या गोळीत ती जवळजवळ जशीच्या तशी मिळतात, म्हणून शाळेला घुबड सोयीचं.

सुरक्षेची बाजू हलक्यात घेऊ नका. झाडाखालून उचलून थेट मुलांच्या हातात देऊ नये. काही शाळांमध्ये अशा गोळ्यांमुळे मुलांना साल्मोनेला जंतूंची बाधा झाल्याची नोंद आहे. उष्णतेने निर्जंतुक केलेल्याच गोळ्या वापरा, प्रयोग जेवणाच्या टेबलावर करू नका, हातमोजे द्या, आणि शेवटी प्रत्येकाने साबणाने हात धुतले का ते स्वतः उभं राहून बघा.

मग पांढऱ्या ताटलीत गोळी ठेवा, कोमट पाण्याचे थोडे थेंब टाका आणि दातकोरण्याने अलगद सोडवायला सांगा. आधी नुसते करडे केस निघतात, मुलं कंटाळतात. मग कोणाच्या तरी चिमट्याला काही टणक लागतं. बहुतेक वेळा तो खालचा जबडा असतो, आणि त्याला पुढे लांब, वाकडा, नारिंगी दात असतो. तिथे वर्गाचा आवाजच बदलतो. उंदराच्या पुढच्या दातांच्या बाहेरच्या थरात लोह असतं, म्हणून तो रंग. काळ्या कागदावर हाडं मांडायला द्या: कवटी, जबडे, खांद्याचं चपटं हाड, बरगड्या, मणके. नावं तुम्ही सांगू नका. "हे तुझ्या अंगात कुठे असेल?" एवढंच विचारा. एका मुलाने खांद्याचं हाड उचलून स्वतःच्या पाठीमागे हात नेऊन चाचपलं होतं आणि तिथेच उभा राहिला होता. त्या तासाला मी पुढचं काही शिकवलं नाही. गरजच नव्हती. एका गोळीत दोन कवट्या निघाल्या की मुलं आपोआप मोजणीकडे वळतात: घुबडाने काल किती उंदीर खाल्ले?

ज्या मुलाला किळस वाटते त्याला चित्र काढणारा किंवा मोजणारा करा. जबरदस्ती नको. आणि गोळ्या मिळाल्या नाहीत तर कागदाच्या लगद्यात जाड कागदातून कापलेली हाडं घालून वाळवा. दातांची मजा त्यात येत नाही, पण शोधण्याची येते.

प्रश्न: नातू विचारतो, घुबड उडताना आवाज का होत नाही? कबुतर तर फडफड करतं.
(एक आजोबा)

उत्तर: आजोबा, नातवाला एखादं गळालेलं कबुतराचं पीस आणि भिंग द्या. पंखातल्या लांब पिसाची पुढची कड सरळ आणि गुळगुळीत दिसेल. घुबडाच्या त्याच पिसाच्या पुढच्या कडेला फणीच्या दातांसारखी बारीक झालर असते, मागची कड विसविशीत सुटलेली असते आणि वरचा पृष्ठभाग मखमली असतो. हवा कड कापत जाताना जी सळसळ होते ती या तिन्हींमुळे दबते. त्यामुळे उंदराला घुबड येत असल्याचं कळत नाही आणि उडता उडता घुबडालाही उंदराचा आवाज ऐकू येत राहतो. मासे खाणाऱ्या घुबडांच्या पिसांना मात्र ही झालर फारशी नसते आणि त्यांच्या उडण्याचा आवाज येतो. पाण्यातल्या माशाला तो कुठे ऐकू येणार? हा भाग नातवाला स्वतः शोधू द्या: आधी विचारा, मग सांगा. पीस हाताळल्यावर दोघांनीही हात धुवा.

काही छोट्या प्रश्नांची छोटी उत्तरं:

घुबडाच्या डोक्यावर उभे दिसतात ते कान नव्हेत, पिसांचे तुरे आहेत. खरे कान चेहऱ्याच्या कडेला पिसांखाली असतात.

वटवाघूळ पक्षी नाही. ते पिल्लाला दूध पाजतं. जगात वटवाघळांच्या सुमारे १,४०० जाती आहेत आणि एकही आंधळी नाही. फळं खाणारी मोठी वटवाघळं तर डोळ्यांवरच जास्त विसंबतात. किडे खाणारी आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून वाट काढतात. स्पालान्झानींच्या खोलीत मेणबत्ती विझल्यावर घुबड आपटलं तरी वटवाघळं नीट उडत राहिली होती. ती कानांवर उडतात हे त्याच काळात, त्यांचे कान बंद केल्यावर कळलं. पण तो आवाज यंत्रावर पकडायला १९३८ साल उजाडलं. ते काम हार्वर्डमधल्या डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने आणि जी. डब्ल्यू. पिअर्स या प्राध्यापकांनी केलं.

"निशाचर प्राण्यांची पन्नास नावांची यादी द्या" अशी मागणी तीन पत्रांत आहे. यादी देणार नाही. लहान मुलांना तीन प्राणी पुरतात, मात्र त्यांच्या रात्री काम करण्याच्या पद्धती वेगळ्या हव्यात: घुबड (कान), वटवाघूळ (प्रतिध्वनी) आणि न्यूझीलंडचा किवी पक्षी (वास, कारण त्याच्या नाकपुड्या लांब चोचीच्या टोकाशी असतात). मग मुलं चौथा स्वतः आणतात.

प्रश्न: आजी, आमच्या मांजरीचे डोळे रात्री चमकतात. माझे का नाही चमकत? मी आरशात खूप वेळ बघितलं.
(इयत्ता तिसरी)

उत्तर: आरशात बघितलंस हे फार छान केलंस. मांजरीच्या डोळ्यात सगळ्यात मागे एक चकचकीत थर असतो. उजेड डोळ्यात शिरतो, बघायचं काम करणाऱ्या पडद्यातून जातो, आणि जो वाया गेला असता तो या थरावर आपटून पुन्हा त्याच पडद्यातून परत येतो. म्हणजे तिला तोच उजेड दोनदा वापरता येतो. परत आलेला थोडा उजेड बाहेर पडतो, तो तुला चमकताना दिसतो. कुत्रा, गाय, हरीण, मगर यांच्याकडेही असा थर आहे. तुझ्या-माझ्याकडे नाही. फोटोत कधी कधी आपले डोळे लाल येतात, तो डोळ्याच्या मागच्या भागातल्या रक्ताचा रंग.

एक शोध तुझ्यासाठी: मोठ्या माणसाला बरोबर घेऊन रात्री गवताजवळ जा. बॅटरी कपाळाशी, डोळ्यांच्या अगदी जवळ धर आणि गवतावर उजेड टाक. कुठे कुठे बारीक ठिणग्या चमकतील. काही दवाचे थेंब असतील. पण एखादी ठिणगी हलली तर थांब, ती बहुतेक शिकारी कोळ्याच्या डोळ्यांची असणार.

प्रश्न: आम्ही दिव्यांनी उजळलेल्या मोठ्या शहरात राहतो. मुलांना रात्रीचे प्राणी दाखवायचे कुठे? घुबड तर दिसणार नाही.
(एक बाबा)

उत्तर: घुबड न दिसताही खूप काही करता येतं. सुरुवात मुलांच्याच डोळ्यांपासून करा. घरातली एक खोली शक्य तितकी काळोखी करा आणि आत जायच्या आधी मुलाचा एक डोळा दहा मिनिटं हाताने किंवा पट्टीने झाकून ठेवा. आत गेल्यावर त्याला आलटून पालटून एकेका डोळ्याने बघायला सांगा. झाकलेल्या डोळ्याला वस्तू दिसतात, उघड्याला जवळजवळ काहीच नाही. डोळा पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. तेवढा वेळ बसलात तर पुढचा खेळ करा: रंगीत खडू द्या आणि लाल खडू वेगळे काढायला सांगा. मग दिवा लावा. लाल म्हणून काढलेल्यांत काळे आणि तपकिरी सापडतात, कारण अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशींना रंग कळत नाहीत आणि लाल तर त्यांना काळाच दिसतो. म्हणूनच बाहेर जाताना बॅटरीवर लाल कागद लावायचा: सरावलेले डोळे लाल उजेडाने फारसे बिघडत नाहीत.

मग गच्चीत किंवा अंगणात पांढरी चादर ताणून बांधा आणि तिच्यावर दिवा सोडा. पतंग येतील. ते दिव्याकडे ओढले जातात असं आपण म्हणत आलो. २०२४ मध्ये एका संशोधक गटाने अतिवेगवान कॅमेऱ्यांनी त्यांचं उडणं टिपलं, तेव्हा दिसलं की दिव्याजवळचे किडे सतत आपली पाठ दिव्याकडे वळवत असतात. रात्री सगळ्यात उजळ बाजू आकाशाची. तिकडे पाठ ठेवली की आपण सरळ उडतोय हे किड्याला कळतं. बाजूला दिवा आला की तो दिव्यालाच आकाश समजून तिरपा होतो आणि गोल गोल अडकतो. मुलांना हे चादरीपाशी उभं राहून बघता येतं. अर्ध्या तासात दिवा बंद करा आणि का बंद करतोय तेही सांगा: अडकलेल्या पतंगाला खायला, जोडीदार शोधायला वेळ उरत नाही.

प्रश्न: "प्राणी रात्रीच का जागतात?" याला "त्यांना रात्र आवडते" यापलीकडे काय उत्तर द्यावं?
(तिसरीच्या वर्गशिक्षिका)

उत्तर: कारणं तीन, आणि तिन्ही मुलांना समजतात. एक, ऊन टाळणं: वाळवंटातला फेनेक कोल्हा दिवसभर बिळात राहतो. दोन, आपल्याला खाणारा झोपलेला असताना बाहेर पडणं. तीन, जे अन्न दिवसा दुसरे खातात त्यासाठी भांडण नको. मुलांना सर्वांत आवडणारं चौथं उत्तर डायनोसॉरचं आहे. डायनोसॉरच्या काळात आपले सस्तन पूर्वज छोटे होते आणि बहुतेक रात्रीच वावरत, असं शास्त्रज्ञ मानतात. त्याची खूण अजून दिसते: बहुतेक सस्तन प्राण्यांना आपल्याइतके रंग दिसत नाहीत, पण त्यांना ऐकू आणि वास उत्तम येतो.

आता डायनोसॉरच्या जागी आपण आहोत. २०१८ मध्ये सायन्स या नियतकालिकात सस्तन प्राण्यांच्या ६२ जातींवरच्या जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला. माणसांचा वावर असतो तिथे प्राणी पूर्वीपेक्षा जास्त रात्री हिंडू लागले आहेत, असं त्यात आढळलं. हे तिसरीच्या मुलांना जरूर सांगा. ती मोठ्यांपेक्षा जास्त मनावर घेतात.

प्रश्न: आजी, तारे बघून वाट शोधणारा एखादा छोटा प्राणी आहे का?
(इयत्ता तिसरी)

उत्तर: आहे. शेणाचा गोळा ढकलत नेणारा शेणकिडा. शेणाच्या ढिगाजवळ दुसरे किडे गोळा पळवतात, म्हणून त्याला सरळ रेषेत लवकर लांब जायचं असतं. स्वीडनच्या मारी डाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेत काही किड्यांना पुठ्ठ्याच्या चिमुकल्या टोप्या घातल्या, म्हणजे त्यांना वरचं आकाश दिसेना. ते भरकटले. मग त्यांनी किडे तारांगणात नेले आणि छतावर फक्त आकाशगंगेचा पट्टा दाखवला, तर किडे सरळ चालले. हे २०१३ मध्ये जाहीर झालं. काही किड्यांना त्यांनी पारदर्शक टोप्याही घातल्या होत्या. ते नीट सरळ गेले. आकाश दिसणारच होतं, तर या किड्यांना टोपी कशाला घातली असेल? वर्गात सगळ्यांना विचार आणि मिळालेली उत्तरं मला लिहून पाठव.